चारच स्क्रू

घराला चाकं लावून ते विकायचं अमेरिकन माणसाला सुचलं, आणि ते विकत घेऊन त्याला बाहेरून भोकं पाडायचं आमच्या काकांना.

काका माझे सख्खे कोणी नव्हेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात साठी ओलांडलेला कुठलाही मराठी पुरुष आम्हा सगळ्यांचा काकाच असतो. त्यामुळे मंडळात नुसतं ‘काका’ म्हणून भागत नाही. समोरचा विचारतो, ‘कुठले? शेअरवाले, ढोकळावाले, की मोटारहोमवाले?’ हे मोटारहोमवाले. टेलिकॉम कंपनीत आयुष्यभर इंजिनिअरकी केली आणि निवृत्तीचा केक फ्रिजमधून संपायच्या आत २०१२ सालचं एक वापरलेलं मोटारहोम दारात आणून उभं केलं. ‘आता अमेरिका बघायची!’ असं तेव्हा म्हणाले होते. काकूंनी लगेच नकाशा आणून यलोस्टोनभोवती लाल पेनाने गोल केला. गोल अजून तिथेच आहे. अमेरिकेचा जो भाग काकांनी सगळ्यांत बारकाईने पाहिला आहे, तो म्हणजे त्या गाडीची उजवी बाजू.

मोटारहोमांतही वर्ण असतात. बसएवढी धिप्पाड ती क्लास ए, व्हॅनच्या पोटात संसार थाटलेली ती क्लास बी, आणि ट्रकच्या टपावर जिच्या घराचा छज्जा पुढे आलेला असतो ती क्लास सी. काकांची सी. खाली फोर्डची ई-४५० चेसिस, पुढे दहा सिलिंडरांचं इंजिन, आणि गॅलनला आठ मैल, तेही वारा मागून असेल तर. इंजिनाला काका हात लावत नाहीत. ‘ते फोर्डने केलंय, त्यांना कळतं,’ म्हणतात. त्यावरचं घर मात्र दुसऱ्या कारखान्याने बांधलेलं असतं, आणि त्या कारखान्यातल्या एकालाही अक्कल नाही याबद्दल काकांच्या मनात किंतु नाही.

खरं तर सुरुवात त्यांनी आतून केली होती. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकाच्या कपाटाची बिजागरी ‘जरा सुधारली’, आणि पहिल्याच वळणावर ते दार मसाल्याच्या डब्यासकट खाली आलं. गाडीभर हळद. त्या दिवशी काकूंनी सीमारेषा आखून दिली. ‘दाराच्या आतलं माझं, बाहेरचं तुमचं. बाहेर हवा तेवढा धुडगूस घाला. आत ड्रिल दिसलं तर मी माहेरी जाईन.’ काकूंचं माहेर मिरजेला आहे, तेव्हा ही धमकी विमानाच्या भाड्यासकट गंभीर होती. काकांनी करार पाळला. आत आजही कारखान्याने लावलेला प्रत्येक हूक जागच्या जागी आहे. बाहेर मात्र कारखान्याचं असं जवळजवळ काही उरलेलं नाही.

शनिवारी सकाळी फोन येतो. ‘काय करतोयस? जरा ये. चारच स्क्रू आहेत.’

हे चार स्क्रू कधीच चार नसतात, पण काकांचा आवाज इतका निष्पाप असतो की दर वेळी खरं वाटतं. आपण शिडी धरायची असते. शिडी धरणाऱ्याने बोलायचं नसतं, वर बघायचं नसतं, कारण वरून पत्र्याचा कीस पडतो. खाली येताना काका ठरलेलं वाक्य म्हणतात : ‘झालं. आता हिला काही म्हणजे काही करायचं नाही.’ आणि जमिनीवर पाय टेकल्याबरोबर चार पावलं मागे जातात, मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात. ती मान तिरकी झाली की पुढचा शनिवार गेलाच म्हणून समजावं.

मोटारहोमची भिंत ही भिंत नसतेच मुळी. बाहेरून फायबरग्लासचं पातळ कातडं, त्यामागे तितकीच पातळ प्लाय, मग थर्माकोल, मधून मधून ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, आणि आत पुन्हा प्लाय. सगळं मिळून जेमतेम दोन इंच. स्क्रू नळीत गेला तर धरतो. थर्माकोलात गेला तर नुसता आशेवर राहतो. आणि एका भोकातून जरी पाणी आत शिरलं, तरी ते प्लायमधून सावकाश पसरतं, डिंक सुटतो आणि वरचं फायबरग्लास पुरी फुगावी तसं फुगून येतं. मोटारहोमवाले या आजाराचं नाव हलक्या आवाजात घेतात. ‘त्याच्या गाडीला डीलॅम झालंय,’ असं काका सांगतात तेव्हा काकू हातातलं काम थांबवून ‘अरेरे’ म्हणतात.

तेव्हा आधी नळी शोधायची. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून काका बोटाच्या पेराने भिंत वाजवत आणि भिंतीला कान लावत गाडीच्या कडेकडेने सरकतात. ‘ढब... ढब... ढब... ठक! ऐकलंस?’ आपण ‘हो’ म्हणायचं. गाडी जिथे उभी असते त्या यार्डाचा राखणदार एकदा बराच वेळ हे पाहत उभा होता. शेवटी माझ्याजवळ येऊन त्याने दबक्या आवाजात विचारलं, ‘आत कोणी अडकलंय का?’

नळी सापडल्यावर खरा विधी सुरू होतो. भोक पाडायचं, कडा घासायच्या, स्पिरिटने पुसायचं. मग ब्यूटाइलची पट्टी : राखाडी, चिकट, बोटांना लागली की आंघोळीलाही दाद न देणारी. ती दाबून चहूबाजूंनी बाहेर आली पाहिजे. आली नाही तर पुन्हा उघडायचं. त्यावर सीलंट. टपावर जे आपोआप पसरून सपाट होतं ते वेगळं, उभ्या भिंतीवर जे ओघळत नाही ते वेगळं. या दोघांची अदलाबदल करणारा माणूस काकांच्या लेखी माणसांतून उठला. सिलिकोनला तर यार्डात बंदीच आहे. त्याचं कारण शास्त्रीय आहे : एकदा सिलिकोन लागलं की पुढे त्या जागी दुसरं काहीच नीट चिकटत नाही, साधं नवं सिलिकोनसुद्धा. आता तो शब्द काकांच्या तोंडात माणसांनाही लागतो. मंडळाच्या एका माजी खजिनदाराबद्दल ते एवढंच म्हणाले होते, ‘सिलिकोन आहे.’ पुढे कोणी काही विचारलं नाही.

सामान सगळं श्रीखंडाच्या डब्यांत. डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर मोत्यासारखं न म्हणता येणारं पण ठाम अक्षर : ‘स्टेनलेस, आठ नंबर, पाऊण इंची’. ‘बारीक वायसर’. ‘काय आहे माहीत नाही, टाकू नये’. हा शेवटचा डबा सर्वांत मोठा आहे.

तर आजवर बाहेरून काय काय झालं? पहिल्यांदा पन्हळीची टोकं. रबराच्या टपावरून पावसाचं पाणी धुळीसकट ओघळतं आणि भिंतीवर काळे ओघळ उठतात. म्हणून पाणी भिंतीपासून दूर फेकणारी लांब टोकं. मग भट्टीच्या धुराड्याला बारीक जाळी, कारण मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्यांना त्याच भोकात संसार मांडायचा असतो. मग मागच्या बंपरचं प्रकरण. हा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ नळी, आणि कारखान्याने त्या पोकळीत सांडपाण्याचा पाइप ठेवायची सोय केलेली असते. काकांना ते अपुरं वाटलं. कुंपणाचा पांढरा प्लॅस्टिकचा खांब आणून, दोन्ही टोकांना झाकणं लावून, तो त्यांनी गाडीच्या पोटाखाली आडवा बांधला. आता एका नळीत पाइप असतो. दुसरीत काय असतं, हे विचारल्यावर ते म्हणाले, ‘दुसरीत जागा असते.’

मग कॉफीच्या रंगाचे ते वळसे. अमेरिकेतल्या बहुतेक मोटारहोमांच्या अंगावर तपकिरी-बदामी फराटे असतात. ते कोणी आणि का ठरवले हे मला कधी समजलेलं नाही. काकांच्या गाडीवरचे ऊन खाऊन पोपडे धरायला लागले होते. हीट गनने आणि रबराच्या चाकाने ते सगळे काढले. निघाले, पण खालचा रंग उन्हापासून वाचल्यामुळे तसाच चकचकीत राहिला होता, आणि फराटा गेला तरी फराट्याचं भूत भिंतीवर उभं राहिलं. घासून जाईना. शेवटी काकूंनी ब्रश हातात घेतला (रंगकाम हे ‘बाहेर’ असलं तरी कलेत मोडतं, अशी पोटकलमाची सोय काढून) आणि त्या भुताच्या वळशावरच वारलीची तारप्याची माळ काढली. फार सुंदर झाली आहे. कॅम्पग्राउंडवर लोक थांबून विचारतात, ही कुठल्या इंडियन जमातीची कला? काका ‘इंडियन’ म्हणतात, आणि मग पालघर जिल्हा कुठे आला हे सांगण्यात अर्धा तास जातो.

मग शिडीला तुळशीची कुंडी बसेल असं कडं, वर पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी. मग चहूबाजूंनी लेव्हल बाटल्या. मग दाराशी पिवळा दिवा, कारण पांढऱ्याला किडे येतात. छताच्या घडीच्या कापडी पडवीखाली बाहेरची चूल, म्हणजे आत वास नको. पहिल्या दिवशी काकूंनी तिच्यावर बोंबील तळले, आणि शेजारच्या तंबूतलं कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जागेवर गेलेलं दिसलं. काकांचं म्हणणं, ते आधीच जाणार होते.

आणि चपलांचं स्टँड. घरात चपला घालून यायचं नाही हा नियम चाकांवरच्या घरालाही लागू. म्हणून दाराशेजारी घडीचं, जाळीचं स्टँड. निघताना ते रिकामं करून मिटायचं असतं. एकदा मिटलं, रिकामं केलं नाही. रस्ता क्रमांक ६४ वर मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत, दिवे मारत बराच वेळ पाठीशी लागला. काका म्हणत होते, ‘ओव्हरटेक करू द्या याला, घाई दिसतेय.’ पुढच्या पेट्रोल पंपावर त्या भल्या माणसाने काकांची एक कोल्हापुरी आणून दिली. दुसरी मिळाली नाही. उरलेली एक फेकवेना, तेव्हा काकांनी ती मागच्या बंपरखाली उलटी टांगली. मागून पाहिलं की ही नॉर्थ कॅरोलायनाची गाडी नसून कराड-चिपळूणचा ट्रक आहे असं वाटावं. त्यानंतर गाडीला नजर लागलेली नाही, हे काकूसुद्धा मान्य करतात.

हे सगळं का, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. काका सीलंट बोटाने सारखं करत होते. म्हणाले, ‘तू भाड्याच्या घरात वाढलास का?’

ते सदाशिव पेठेत वाढले. वाड्यातल्या दोन खोल्या, मालक वरच्या मजल्यावर. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही अट. हातोडीचा पहिला आवाज झाला की मालक धोतर सावरत जिना उतरायचे. वडिलांनी दिनदर्शिका दोऱ्याने खिडकीच्या गजाला बांधली होती. आजोबांचा फोटो कपाटावर टेकवून ठेवलेला, आणि कपाट उघडलं की आजोबा पालथे. पुढे अमेरिकेत अपार्टमेंट मिळालं, तर तिथे भिंतीतल्या प्रत्येक भोकाचे पैसे अनामतीतून कापून घेणार असा कागद. मग स्वतःचं घर झालं. कर्ज फिटलं, घर खरोखर नावावर आलं. पण वसाहतीची नियमावली त्याच्या बाहेरच्या भिंतीवर बसलेलीच होती. दाराचा रंग यादीतला. पत्रपेटी सगळ्यांची एकसारखी. कपडे वाळत घालायची दोरी नाही. मोटारहोम अंगणात उभं करायचं नाही. सामान भरण्यापुरतं आणलं तर एक रात्र, त्यानंतर पत्र. ते पत्र फार गोड भाषेत असतं. म्हणूनच गाडी हायवेपलीकडच्या यार्डात महिन्याच्या भाड्याने राहते.

‘म्हणजे बघ,’ काका म्हणाले, ‘जन्मात पहिल्यांदा अशी भिंत मिळाली की जिला खिळा ठोकला तर कोणी जिना उतरून येत नाही.’ आणि लगेच, ‘जरा टॉर्च धर, इथे बुडबुडा राहिलाय.’

टपावरचा अध्याय वेगळा. टपावर सूर्याच्या पाट्या आहेत, मोबाइलचा ॲन्टेना आहे, हवेच्या झरोक्यांवर टोप्या आहेत, आणि सामानाची एक उंच पेटी आहे जिच्यात सीलंटच्या नळ्या असतात. एका जुलैत काकूंनी तिथे पोह्याचे पापड वाळत घालायचं ठरवलं. ऊन फुकट, टप रिकामा, वसाहतीची दोरीबंदी टपाला लागू नाही. काका कळवळले. सूर्याच्या पाटीतले घट एकापुढे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की अख्ख्या पाटीची वीज ढासळते. हे त्यांनी काकूंना कागदावर आकृती काढून समजावलं. काकूंनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाल्या, ‘मग तुमची पाटी उचला.’ पापड त्या वर्षी चांगले झाले. बॅटरी मात्र संध्याकाळपर्यंत अर्धीच भरत होती.

पण टपावर काही चढवलं की उंची वाढते, आणि उंची हा काकांच्या आयुष्यातला खरा रहस्यमय विषय आहे. गाडी घेतली तेव्हा ११ फूट २ इंच होती. तसा कागद काकांनी स्टिअरिंगसमोर चिकटवला. ॲन्टेना बसवल्यावर त्यावर ११ फूट ५ इंचांचा कागद आला. मागच्या चाकांवर हवेच्या पिशव्या घातल्या, पेटी आली, आणि आता तिथे एकावर एक कागदांची जाड गादी झाली आहे. सध्याचा आकडा ११ फूट ९ इंच.

आमच्यापासून जवळच डरहॅम गावात ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा एक जुना पूल आहे. त्याखालची उंची तेव्हा ११ फूट ८ इंच होती. भाड्याने घेतलेले ट्रक आणि मोटारहोमं त्या पुलाखाली जायची आणि आपला टप डबा उघडल्यासारखा सोलून पलीकडे निघायची. समोरच्या इमारतीत एकाने २००८ पासून कॅमेरा लावून ठेवला, त्यामुळे पूल जगप्रसिद्ध झाला. पुढे तिथे नगरपालिकेने सेन्सर बसवला, उंच गाडी आली की पाटी लुकलुकते आणि सिग्नल लाल होतो. तरी लोक जातातच. काका घरी पाहुणे आले की जेवणानंतर पेटी-तबला नाही, हे व्हिडिओ लावतात. एखाद्या मोटारहोमचा एसी पत्र्यासकट मागे कोसळला की काका डोळे मिटून घेतात. ‘बघवत नाही,’ म्हणतात, आणि पुन्हा लावतात.

२०१९ साली रेल्वेने तो पूल आठ इंचांनी उचलला. १२ फूट ४ इंच झाला. बातमी आली त्या रविवारी काकांनी मंडळात पेढे वाटले. कोणाला मुलगा झाला, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, अशा चौकशा झाल्या. ‘पूल उचलला,’ काका म्हणाले. मग आम्ही दोघं जाऊन तो बघून आलो, अर्थात माझ्या लहान गाडीने. काका फुटपाथवर उभे राहून कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते. ‘सात इंच मिळाले,’ म्हणाले. हे सात इंच ते पुढे कशासाठी वापरणार, हे मला त्यांच्या तिरक्या मानेवरून तिथेच समजलं.

आता कोणी म्हणेल, ही गाडी कुठे जाते तरी का? जाते. ब्लू रिज पार्कवेला जाते. तो ४६९ मैलांचा रस्ता, त्यावर २६ बोगदे, त्यातले २५ आमच्याच राज्यात. प्रत्येक बोगद्याची उंची काकांकडे लॅमिनेट करून आहे. मधोमध किती आणि कडेच्या पांढऱ्या रेघेपाशी किती, हे वेगळं, कारण बोगदे कमानीचे. समुद्राकडे, केप हॅटरसलाही जाते. तिथला दीपस्तंभ काकांना विशेष प्रिय आहे. समुद्र किनारा खात जवळ आला तेव्हा, १९९९ साली, तो अख्खा दीपस्तंभ रुळांवरून २,९०० फूट आत सरकवला. ‘एवढी इमारत हलवली यांनी,’ काका त्याच्याकडे पाहत म्हणतात. काकू म्हणतात, ‘हो. आणि आपली चाकं असून यार्डात.’

निघणं हा मात्र प्रकार बघण्यासारखा. काकू दारात यादी घेऊन उभ्या राहतात आणि मोठ्याने वाचतात : पडवी? ‘मिटली.’ शिडी? ‘बांधली.’ तुळस? ‘आत.’ पायरी? ‘आत.’ चपला? इथे काका दोनदा उत्तर देतात. मग गाडीला एक प्रदक्षिणा, प्रत्येक कडीला हात लावून. मग दुसरी, उलट्या बाजूने, कारण उलट्या बाजूने वेगळं दिसतं. शेजारची गाडी आमच्यानंतर उठून आमच्याआधी चहा पिऊन बीचवर पोचलेली असते.

पण कॅम्पग्राउंडवर पोचलं की काका खुलतात. गाडी लागते न लागते तोच आसपासच्या गाड्यांतून तशीच पांढऱ्या केसांची, खिशात पेचकस असलेली माणसं हळूहळू जमा होतात. एकजण म्हणतो, ‘नाइस रिग.’ एवढं पुरतं. कोणी ओहायोचा निवृत्त मेकॅनिक, कोणी टेनेसीतला शाळामास्तर, आणि आमचे सदाशिव पेठेतले काका, सगळे गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखालचा कुंपणाचा खांब पाहतात. ओहायोवाला म्हणतो, माझा खांब पाच इंची आहे. काकांच्या चेहऱ्यावर असूया येते, मग आदर. राजकारण निघत नाही, देश निघत नाही, मुलांची पॅकेजं निघत नाहीत. ब्यूटाइलची कुठली पट्टी उन्हात पातळ होत नाही एवढंच निघतं, आणि ते अंधार पडेपर्यंत पुरतं. चाळीस वर्षं या देशात काढून काकांना इतके जिवलग अमेरिकन कधी भेटले नव्हते. यांतल्या एकाचंही आडनाव त्यांना माहीत नाही. ‘तो डोमचे बोल्ट बदलणारा’ अशा खुणेने ते एकमेकांना ओळखतात.

गेल्या वेळी हॅटरसला मीही होतो. पाहुण्याला झोपायला छज्ज्यातली जागा मिळते, ट्रकच्या टपावरची. मध्यरात्री जोराचा पाऊस आला आणि माझ्या कपाळावर बरोबर मधोमध एक थेंब पडला. मग दुसरा. मी काही बोलायच्या आत खाली काका उठून बसलेले होते; पाण्याचा आवाज त्यांना झोपेतही कळतो. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. गाडीला त्यांनी पाडलेली सगळी भोकं त्या एका क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत.

रेनकोट चढवून, टॉर्च घेऊन ते त्या पावसात बाहेर गेले. शिडीचा आवाज, टपावर रांगण्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. काकूंनी निमूटपणे माझ्या उशीजागी पातेलं ठेवलं. अर्ध्या तासाने दार उघडलं. काका नखशिखान्त भिजलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की पाहतच राहावं.

‘फॅक्टरीचं भोक आहे!’ ते ओरडले. ‘माझं नाही! माझी सगळी कोरडी आहेत, एकूण एक!’

ऐंशी इंचांहून रुंद गाडीला समोर वरच्या बाजूला पाच नारिंगी दिवे लावावेच लागतात, असा इथला कायदा आहे. ते कारखान्यातच बसवलेले असतात, छज्ज्याच्या कपाळावर. त्यांतल्या डावीकडून दुसऱ्याची गॅस्केट वाळून चिरली होती. ‘आणि माहितेय त्यावर काय थापलंय?’ काकांनी जरा थांबून, सगळ्यांकडे बघून घेतलं. ‘सिलिकोन!’

‘बरं,’ काकू म्हणाल्या, ‘आता टॉवेल घ्या.’

सकाळी लख्ख ऊन पडलं. गाडीसमोर शिडी, शिडीवर काका, खाली ओहायोवाला आणि टेनेसीवाला, हातात एकेक नारिंगी दिवा. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे ठेवायला जागा नव्हती. त्यांनी चुलीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मान तिरकी केली.

‘इथे एक घडीची फळी हवी,’ त्या म्हणाल्या. ‘चुलीच्या डाव्या हाताला. कमरेइतकी.’

काका शिडीवर गर्रकन वळले. ‘अगं, बाहेरचं माझं ठरलंय ना?’

‘रात्री पाणी कुठे आलं? आत. आत म्हणजे माझ्या हद्दीत. तुमचं बाहेर माझ्या आत आलं, आता माझं थोडं तुमच्या बाहेर येईल.’

‘पण तिथे मागे नळीच नाहीये! नुसता थर्माकोल आहे!’

काकूंनी ट्रे माझ्या हातात दिला. पेराने भिंत वाजवली. ढब. एक वीत सरकल्या. ढब. भिंतीला कान लावला, तारप्याच्या माळेतल्या शेवटच्या नाचणाऱ्याच्या पायापाशी पुन्हा वाजवलं. ठक. केसांतली पेन्सिल काढून तिथे फुली मारली आणि हात पुढे केला. ओहायोवाल्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्याने क्षणाचाही विचार न करता आपलं ड्रिल काकूंच्या हातात ठेवलं.

‘पाऊण इंची!’ वरून काका ओरडत होते, घाईघाईने उतरत होते, एक पायरी चुकवत होते. ‘श्रीखंडाचा डबा, डावीकडचा! आणि ब्यूटाइल आधी, ब्यूटाइल आधी लाव!’